मानाच्या गाठी आणि सुमनचं दार

ये रे बाळा, पोरगी असलीस तर तूही ये. अशी भिंतीला टेकून लांब नका बसू, जवळ सरका. आणि तो मोबाइल आधी पालथा घाल. रोज चाकण-तळेगाव रस्त्यानं जातोस, पुढं लाकडाचा ट्रक आला की हॉर्नवर हात ठेवून बसतोस, जमलंच तर ड्रायव्हरच्या आईचीही विचारपूस करतोस. एवढा वेळ त्या ट्रकच्या मागं अडकलेला असतोस, तर ते ओंडके बांधलेत कसे, हे मान वर करून एकदा तरी बघितलंस का? नाही. रील बघितलंस. मग आता गुमान ऐक.

मी गाठी मारायचे. वखारीत. ओंडक्याला दोर बांधायचा, गड्यांनी तो ओढायचा, ट्रकमधनं खाली, खालनं आऱ्यापर्यंत. लोक विचारतात, "आक्का, तुम्ही कुठल्या कंपनीत होता?" आमच्या भागात माणूस कंपनीत नसला तर तो जन्मभर घरी झोपला होता असंच धरतात. मी म्हणते, मी गाठी मारत होते. मग ते असं हसतात, जसं मी सांगितलं असावं की मी ढगांना इस्त्री करत होते. अरे, तुझ्या कंपनीतली यंत्रं ज्या लाकडी पॅलेटवर बसून देशोदेशी जातात, ते पॅलेट काय कॅन्टीनच्या मागं उगवतं? ते निलगिरीचं नाहीतर सुबाभळीचं लाकूड असतं. आणि ओंडका हा प्राणी स्वतःच्या पायानं कुठंही जात नाही. त्याला न्यावा लागतो. जावयासारखा.

मी वखारीत गेले ती साली काढायला. खाली बसायचं आणि ओंडक्याची साल तासायची. माझ्या शेजारी सुमन बसायची. तिचं नाव लक्षात ठेव, पुढं लागणार आहे. सालीच्या कामात डोकं मोकळं असतं, म्हणून मी गाठ बांधणाऱ्या गड्याच्या हाताकडं बघत बसायचे. तो म्हातारा कोकणातला होता, फारसं बोलायचा नाही. बघून बघून मी माझ्या पदराला ती गाठ मारायला शिकले. एक दिवस तो गावी गेला तो आलाच नाही. शेठ डोक्याला हात लावून बसले, तेव्हा सुमन म्हणाली, "आक्काला येतंय की." झालं. शेठना पटायला वेळ लागला. बाईनं बांधलेल्या दोराला ओंडका ऐकेल का, अशी त्यांना शंका. मी म्हटलं, "शेठ, ओंडक्याला नजर नसते. तुमची गोष्ट वेगळी."

आता ती गाठ सांगते, कारण तुला वाटत असेल त्यात काय एवढं. दोर ओंडक्याखालनं घालायचा, वर काढायचा. ओढायच्या लांब दोराला मोकळ्या टोकाचा एक वळसा द्यायचा. मग उरलेली शेपटी मागं वळवून तिच्याच अंगावर पीळ देत न्यायची, वेणीचं शेवटचं टोक गुंडाळतात तशी. बस. बघणाऱ्याला वाटतं, ही कसली गाठ, ही तर अर्धवट सोडलीय. पण दोर ताणला की ती शेपटी लाकूड आणि दोर यांच्यामधे चेपली जाते, आणि जेवढं ओढाल तेवढी घट्ट. आणि ताण गेला की दोन बोटांनी मागं ढकला, सुटली. घट्ट कधी व्हायचं आणि सैल कधी व्हायचं, हे तिला कळतं. मी अशी माणसं फार कमी बघितली. ओंडका सरळ चालावा, आडवातिडवा झुलू नये, म्हणून त्याच्या तोंडाकडं दोराचा आणखी एक वेढा टाकायचा. आम्ही तिला पिळाची गाठ म्हणायचो. निरगाठ मारणाऱ्याला आमच्यात अडाणी समजत. निरगाठ कुणालाही येते. बांधायला येते, सोडायला येत नाही.

आणि वखारीत कायदा एकच होता. ज्यानं गाठ बांधली त्यानंच ती सोडायची.

का, ते सांगते. ताण कुठं बसलाय, ओंडका कुठल्या अंगाला कलंडणार, हे बांधणाऱ्याच्या हाताला ठाऊक असतं. आमच्यात रंगा नावाचा गडी होता. जेवायची सुट्टी झालेली, त्याला भूक लागलेली, त्यानं दुसऱ्या गड्याची गाठ परस्पर सोडली. ओंडका आपला सावकाश, अजिबात घाई नसल्यासारखा वळला आणि रंगाची दोन बोटं घेऊन थांबला. त्यानंतर रंगा तंबाखू मळायचा ती उलट्या हातानं. चांगला गाणारा गडी होता, ढोलकीवर त्याचा हात असा बसायचा की विचारू नकोस. ढोलकी त्यानं पुतण्याला देऊन टाकली. तो कायदा कुठं लिहून लावलेला नव्हता. रंगाच्या हातावर होता, तेवढा आम्हाला पुरे होता.

पण माणसाची गंमत बघ. जीव वाचवायला केलेल्या गोष्टीला तो हळूच हार घालतो, आणि मग ती गोष्ट कुणाचा जीव वाचवायची ते विसरून जाते.

आमच्या शेठना एक युक्ती सुचली. मोठं गिऱ्हाईक आलं की ओंडक्याला लाल फडकं बांधायचं, नारळ फोडायचा आणि म्हणायचं, "साहेब, पहिली गाठ तुमच्या हातची पडू द्या." तिचं नाव मानाची गाठ. गिऱ्हाईक खूश. मग साहेब गाठ मारायचे. कुणी पायजम्याच्या नाडीसारखी, कुणी बुटाच्या लेससारखी. एका साहेबांनी तर दोराचं फूल केलं, वाढदिवसाच्या खोक्यावर असतं तसं. सगळे टाळ्या वाजवायचे. साहेब चहाला वळले की मी मागच्या बाजूला माझी पिळाची गाठ मारायचे आणि ओंडका तिच्यावर जायचा. मानाची गाठ पुढं, कामाची गाठ मागं. आणि ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, म्हणून साहेबांना आऱ्यापाशी परत बोलवायचं, परत चहा. शेठ म्हणायचे, "आक्का, मान दिला की गिऱ्हाईक दोनदा येतं." शेठ हुशार होते. मानाला भांडवल लागत नाही, हे त्यांना लवकर कळलं होतं.

तळेगावची एक बाई आंब्याचं खोड घेऊन गेली, बंगल्यात जेवणाचं टेबल करायला. तिला माझी गाठच आवडली. म्हणाली, "ही अशीच राहू द्या, किती ओरिजनल दिसतेय!" टेबलाला गाठ ठेवली आणि वरनं पॉलिश मारलं. म्हणजे माझी एक गाठ तळेगावात डायनिंग टेबलाला चिकटून बसलीय. तिच्यावर ताण नाही, तिला सुटणं नाही. सकाळ-संध्याकाळ लोक जेवताना बघते. मी वखार सोडून घरी बसले तेव्हा मला सारखी तिची आठवण यायची.

घरी बसले, कारण हायड्रा आला. हायड्रा म्हणजे ती पिवळी क्रेन, पुढं मान काढून चालते ती. ओंडक्याला पट्टा घालायचा, हूक लावायचा, उचलायचं. चांगली गोष्ट आहे, कुणाची बोटं जात नाहीत. मी तिच्यावर रुसलेली नाही. पण सुमनच्या गल्लीत ती शिरेना, तिथून ही गोष्ट सुरू होते.

सुमन वखार सुटल्यावर चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनला चपात्या लाटायला लागली होती. तिचं घर आमच्या शेजारच्या गावात, ओढ्याच्या उतारावर. वर अरुंद गल्ली, गल्लीखाली उतार, उतारावर सुमनचं पत्र्याचं घर आणि घरापुढं खाटेएवढं अंगण. घरात सुमन आणि तिची सासू गजराबाई. गजराबाईचे गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

गल्लीच्या कडेला मोठी चिंच होती. कसल्याशा पायपाला खणताना कुणीतरी तिची अर्धी मुळं तोडली आणि वर माती लोटून निघून गेलं. पावसाची झड लागली आणि चिंच बसली. पडली नाही, बसली. फांद्या गावानं सरपणाला नेल्या, त्यात आपला गाव तत्पर आहे. राहिला तो बुंधा. दोघांच्या कवेत न मावणारा. तो उतारावर आडवा पडला, एका तुटक्या मुळाच्या आधारानं, आणि त्याच्या बरोबर खाली सुमनचं घर. ते मूळ सुटलं की बुंधा थेट पत्र्यावर.

हायड्रावाला आला, गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, म्हणाला, "मावशी, गाडी बसत न्हाई," आणि मागं मागं गेला. मग सुमन माझ्याकडं आली. चप्पल न काढता दारात उभी राहिली, तेव्हाच मला कळलं.

"आक्का, तू ये."

"मी आता रिटायर झालेय, सुमे."

"चिंचंला सांगू का तसं?"

गेले. वखारीतले जुने गडी बोलावले, चेनपुली घेतली. चेनपुली म्हणजे साखळीचं यंत्र, एका माणसानं साखळी ओढली की पलीकडं गाडाभर वजन इंच इंच सरकतं. बेत सरळ होता. वर गल्लीत कडुनिंब होता, त्याला चेनपुली बांधायची, बुंध्याला माझी गाठ, आणि हळूहळू वर गल्लीत ओढून घ्यायचा. गजराबाईला तेवढा वेळ शेजारच्यांच्या ओट्यावर बसवायचं.

"मी न्हाई हलायची," गजराबाई आतनं म्हणाली.

"आत्याबाई, वर झाड हाय."

"ते माझ्या लग्नाच्या आधीपास्नं वरच हाय."

शेवटी तिला खुर्चीसकट उचलली. ती चौघांच्या खांद्यावरनं गाव बघत गेली आणि ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाली, "हितनं झ्याक दिसतंय. करा सुरू."

पण सुरू कसं होणार? तोवर मान आला होता.

पहिले आले सरपंचांचे मिस्टर. गावच्या सरपंच बाई आहेत, असं कागदावर आहे. त्यांना मी एकदा बघितलं, चहा आणताना. कारभार मिस्टर बघतात. सही बाईंची, फेटा मिस्टरांचा. त्यांच्या मागोमाग माजी आले. हे माजी झाल्याला जमाना झाला, पण त्यांच्या गाडीच्या काचेवर ते अजून आजीच आहेत. आणि सगळ्यांत शेवटी आले भावी. गावाच्या वेशीवर यांचा फ्लेक्स आहे, हात जोडलेले, काळा चष्मा, खाली नुसतं 'भावी'. कशाचे भावी ते लिहिलेलं नाही. बहुतेक जागा शिल्लक बघून ठरवणार असतील. यांच्याबरोबर एक फोटोवाला होता, तो चिखलात पाय रोवून आधीच तयार.

तिघंही शेठच्या वखारीतनं कधी ना कधी लाकूड घेतलेले. म्हणजे मानाची गाठ तिघांना माहीत. सरपंचांच्या मिस्टरांनी खिशातनं लाल फडकं काढलं. माजींनीही काढलं. भावींनी तर लाल शेलाच आणला होता.

"पहिली गाठ गावच्या प्रमुखाची," मिस्टर म्हणाले.

"मग बोलवा की वहिनींना," माजी म्हणाले.

"आमच्या काळात असली झाडं पडत नव्हती," असंही ते वर म्हणाले.

"राव, तुमच्या काळातच त्याची मुळं सडली," मिस्टर म्हणाले.

भावी म्हणाले, "काका, दादा, भांडू नका. तरुणाईला संधी द्या. भावा, तू अँगल बघ."

आणि खाली सुमन हात जोडून उभी. देवाला जोडतात तसे नाही, आता आवरा म्हणून जोडतात तसे.

बाळा, मी आयुष्यभर अशा साहेबांना बाजूला बसवून काम केलेलं. मी काय केलं, तिघांना तीन वेगळे दोर दिले. म्हटलं, तिघांचीही पहिलीच गाठ. एकदम बांधा. तिघांनी बुंध्याच्या पुढच्या टोकाला बांधल्या. मिस्टरांनी निरगाठ मारली, तिच्यावर निरगाठ, तिच्यावर आणखी एक, बाईंची सही तीन ठिकाणी लागते तशी. माजींनी जुन्या सवयीनं दोर इतका गुंडाळला की बुंध्याला मफलर घातल्यासारखा दिसायला लागला. भावींनी फोटोवाल्याकडं बघत बांधली, त्यामुळे त्यांच्या हातांना काय बांधलं ते कळलं नाही. मी म्हटलं, "आता दोर नुसते धरा. ताणायचे नाहीत. मानाचा दोर सैलच असतो." मागं जाऊन मी माझी पिळाची गाठ मारली, तोंडाकडं वेढा टाकला, बुंध्याखाली गोल लाकडं सरकवली, आणि वर बघून ओरडले, "ताण!"

साखळी कडकड वाजली. बुंधा हलला. मूळ सुटलं, पण बुंधा माझ्या दोरावर होता, कुठं जातोय? इंच, इंच, वर. सगळं बरोबर चाललं होतं. गड्यांची नजर साखळीवर, सुमनची पत्र्यावर. गजराबाईनंही कुणाला शिवी हासडली नव्हती, यावरनं समज.

आणि भावींना व्हिडिओ आठवला. फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा जोर लावल्यासारखं करा." करा म्हणाला, लावल्यासारखं म्हणाला. पण भावींनी खरंच लावला. बाजूनं. आणि भावींनी ओढलं म्हटल्यावर माजी थोडेच मागं राहणार? त्यांनी दुसऱ्या बाजूनं ओढलं. मिस्टरांनी दोघांच्या विरुद्ध ओढलं. आपल्या गावात विकास कसा होतो, ते मला त्या दिवशी डोळ्यांपुढं दिसलं.

बुंध्याचं तोंड फिरलं. गोल लाकडं खालनं निसटली. अख्खं धूड आडवं होऊन उतारावरनं खाली सुटलं, थेट सुमनच्या पत्र्याकडं. मी ओरडले ते मला आठवत नाही, सुमन सांगते की मी फार वाईट शिव्या दिल्या. आठवतं ते एवढंच की माझा दोर तटकन ताणला, कडुनिंब मुळापासनं थरथरला, पिळाची गाठ लाकडात रुतली. आणि बुंधा थांबला. अंगणात, घराच्या भिंतीपासून वीतभर. पत्र्याच्या एका कोपऱ्याला पोचा आला, तेवढंच. गड्यांनी धावत जाऊन दोन्ही बाजूंनी दगड आणि पाचरी मारल्या.

भावींनी दोन्ही हात वर केले, म्हणाले, "घर वाचलं!"

टाळ्या! अरे काय टाळ्या! तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. नारळ फुटला. पेढे कुठनं आले कळलं नाही. पेढेवाला बहुतेक झाडाच्याही आधी ठरवलेला होता. आणि सगळे गेले.

ते गेल्यावर सुमननं घराकडं बघितलं. बुंधा दारापुढं आडवा पडला होता. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. कमरेएवढा उंच. घर वाचलं होतं, दार गेलं होतं.

बरं, तिथंच कापून तुकडे करून न्यायचा, त्यात काय? मशीनचा आरावाला आला. बुंधा बघितला, तीन लाल फडकी बघितली, आणि मशीन परत खांद्याला लावलं. एक तर नायलॉनचा दोर आऱ्यात गेला की साखळी तुटून तोंडावर येते. दुसरं म्हणजे, "मानाच्या गाठी हायत, आक्का. ज्यानं बांधली त्यानं सोडायची. मी माजींचा दोर कापला तर मला गावात कोण पाणी देईल?" गडीही तेच म्हणाले. मीही कुठल्या तोंडानं कापा म्हणणार? आयुष्यभर मीच सगळ्यांना रंगाचा हात दाखवत आलेली.

गेले तिघांकडं. मिस्टर म्हणाले, "सोडतो की. पण आधी माजींची सुटू दे. पदाची गाठ शेवटी सुटते." माजी म्हणाले, "आधी भावींची. ज्येष्ठाची शेवटी." भावी म्हणाले, "आक्का, इलेक्शनच्या तोंडावर माझी पहिली सुटली, तर मेसेज काय जाईल?" मी म्हटलं, "सुमनला घराबाहेर जाता येईल, हा मेसेज जाईल." ते म्हणाले, "तो लोकल इश्यू आहे."

असे दिवस गेले. सुमन रोज पहाटे दारात पालथ्या घातलेल्या पिंपावर चढून बुंध्यावर, बुंध्यावरनं पलीकडं, साडी गुडघ्यात धरून, कंपनीची बस पकडायला. एकदा घसरली, नडगी सोलून निघाली. पण खरी अडकली गजराबाई. तिला तो ओलांडणं शक्यच नव्हतं. रोज संध्याकाळी काठी टेकत वरच्या ओट्यावर जायची, तीन-चार म्हाताऱ्या बसायच्या, गावाचे वाभाडे काढायच्या, तेवढंच तिचं आयुष्य. ते बंद. ती दारातल्या दारात बसायची आणि बुंध्याच्या वरनं नुसतं तिचं डोकं दिसायचं. खुर्चीसकट उचलून न्यायला गडी रोज कुठनं आणायचे? येणाऱ्याजाणाऱ्याला ती ओरडून सांगायची, "सोय ब्येस केलीया बाबांनो! लाकूड दारात आणून टाकलंया. आता फकस्त मी जायची ऱ्हायलीया!"

लोक हसायचे. सुमन हसायची नाही. म्हातारी जेवायची कमी झाली होती, हे तिनं मला कॅन्टीनमधनं फोन करून सांगितलं. "आक्का, तिनं कालपास्नं कुणाला शिवीबी दिली न्हाई." तेव्हा मात्र मला भीती वाटली.

मग एके सकाळी तिघंही आपोआप आले. गाठी सोडायला नाही. कुठल्याशा पेपरवाल्याला बातमी लागली होती की एका गाठीनं घर वाचवलं. त्याला त्या गाठीचा फोटो हवा होता. मिस्टर आले, माजी आले, भावी शेला बदलून आले. मी आणि सुमन अंगणाच्या कडेला उभ्या होतो. पेपरवाला तरुण, घामेजलेला, बुंध्याभोवती फिरला. तीन गाठी पुढं, फडक्यांच्या, पावसानं फुगून काळ्या पडलेल्या, उंदरानं घरटं करावं तशा. मागं एकटी माझी पिळाची. दोर लाकडात रुतलेला, पीळ एकसारखे.

"वाचवलं ते ह्या गाठीनं ना?" पेपरवाल्यानं माझ्या गाठीवर बोट ठेवलं. "कुणाची ही?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बुंध्याच्या वरनं गजराबाईचं डोकं म्हणालं, "थांब गं आक्का. त्यांना सांगू दे. खरंच, कुणाची वो ती, पिळाची? लई झ्याक दिसतीया."

"माझी," मिस्टर म्हणाले.

"काय बोलता राव! माझी हाय ती," माजी म्हणाले. "जुन्या पद्धतीची गाठ. आजकालच्यांना येत नाही."

भावी म्हणाले, "व्हिडिओत आहे. मी बांधताना आहे."

सुमननं माझा हात धरला. घट्ट. मी काही बोलले नाही, कारण मला गजराबाईचा चेहरा दिसत होता. कित्येक दिवसांनी त्यात रंग आला होता.

"बरं," गजराबाई म्हणाली. "म्हंजे पिळाची तुमा तिघांची. मग ह्या फुडच्या तीन कुणाच्या?"

पेपरवाला कॅमेरा वर करून त्या तीन काळ्या बोचक्यांकडं बघत होता. मिस्टरांनी फेटा सारखा केला. माजी आभाळाकडं बघायला लागले. भावी म्हणाले, "त्या... कुणा पोराटोरांनी मारल्या असतील."

"मिस्टर, तुमची यातली कंची?"

"छे छे. आमचं काम असलं नसतं."

"माजी, तुमची?"

"असली गाठ मी मारीन व्हय, आत्याबाई?"

"म्हंजे कुणाच्याच न्हाईत," गजराबाई म्हणाली. सावकाश, एकेक शब्द चावून. "सुमे, कोयता आण. बेवारशी हायत."

सुमन अशी धावली की पिंपावर पाय न ठेवताच बुंधा ओलांडून गेली. तीन घाव. तिघांच्या डोळ्यांदेखत, पेपरवाल्यासमोर. फडकी चिखलात पडली आणि एकालाही 'अरे' म्हणता येईना, कारण 'अरे' म्हणणाऱ्याची ती गाठ ठरणार होती. माझ्या आयुष्यात मी तिघा पुढाऱ्यांना एकाच वेळी गप्प बसलेलं बघितलं ते तेवढंच.

मग गजराबाई म्हणाली, "आता पिळाची ऱ्हायली. ज्यानं बांधली त्यानं सोडायची. कोण येतंय?"

तिघांनाही एकदम महत्त्वाची मीटिंग आठवली. गाड्या वळल्या. भावींनी जाता जाता गाठीबरोबर सेल्फी घेतला.

माझी गाठ तिघांनी घेतली, याचं मला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू. हातातली कला गेली तर गेली, पण ती अशा हातांच्या नावावर जाते तेव्हा डास चावल्यासारखं होतं, खाजवत राहावंसं वाटतं. वेशीवर आता तीन फ्लेक्स आहेत. तिन्हींवर माझ्या गाठीचा फोटो, आणि खाली तीन वेगळी माणसं. माझ्या गाठीला एवढी प्रसिद्धी शेठच्या साऱ्या नारळांनी मिळाली नव्हती.

ते गेल्यावर मी गड्यांना पाचरी बघायला लावल्या, चेनपुली सैल केली, आणि गाठीपाशी बसले. दोन बोटांनी पीळ मागं ढकलला. इतके दिवस ते धूड धरून बसलेली, पण सुटली, अशी, केस मोकळे केल्यासारखी. आरावाला संध्याकाळच्या आत तुकडे करून गेला. गजराबाई काठी टेकत वर ओट्यावर गेली आणि तिथं बसल्या बसल्या पहिली शिवी कुणाला दिली ते मी सांगत नाही, ते अजून पदावर आहेत.

बुंध्याचा एक ठोकळा सुमननं ठेवून घेतलाय. दारात, एका अंगाला, कुणाच्या वाटेत येणार नाही असा. चिंचेचं लाकूड, वर बसलं की गार लागतं. रविवारी सुमनला सुट्टी असते, तेव्हा मीही तिथंच असते. गजराबाईला मी पिळाची गाठ शिकवतेय. तिच्या हाताला कंप आहे, पण पीळ चांगला बसतो. तिला शिकायची घाई आहे. म्हणते, तिरडीवर माझी शेवटची बांधायला येतील त्यांना काही येत नसणार, मीच सांगीन वरनं.

म्हणून म्हणते, एकदा सुमनच्या दारात ये. दिवाळी झाली की लगेच ये, पुढं ढकलू नकोस, ढकलणारी माणसं आमच्याकडं पुरेशी आहेत. चाकणला उतर, सुमनच्या गावात ये आणि चिंचेचा ठोकळा असलेलं घर विचार. हातभर दोर घेऊन ये. गजराबाई तुला गाठ मारायला लावेल आणि मग हसेल. हसू दे. चहा सुमन करेल. आणि बांधलीस ती निघताना तूच सोडून जा. नाहीतर ती सोडायला तुलाच परत यावं लागेल, आणि खरं सांगू का, मला तेच हवंय.